मेंगाळ सिस्टरांची चांदवी

मेंगाळ सिस्टर इंजेक्शन देताना पेशंटला प्रेमकथा सांगायच्या. हे मी रंगवून सांगत नाही. अकोले तालुक्यात डोंगराच्या कुशीत आमचं ग्रामीण रुग्णालय होतं, मी तिथं क्लार्क होतो, आणि माझ्या खुर्चीच्या मागे फक्त प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडे इंजेक्शनची खोली. त्यामुळे पगारबिलं करता करता मी जेवढी प्रेमप्रकरणं ऐकली तेवढी तालुक्यात कोणी ऐकली नसतील.

"तर रेवतीनं दार उघडलं. समोर कोण?" सिस्टर विचारायच्या.

बाकावर पालथा पडलेला म्हातारा सुई विसरून विचारायचा, "कोन?"

"तोच. इंजिनिअर." तोवर सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. "झालं. चोळा जरा."

"अन् मंग? तिनं त्याला घरात घेतला का न्हाई?"

"उद्या या. कोर्स कुठं संपलाय तुमचा?"

अर्धवट कोर्स सोडणारे पेशंट आमच्याकडे कमी होते, ते याच कारणानं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

या रेवत्या आणि हे इंजिनिअर सिस्टरांचे स्वतःचे असायचे. त्या कथा लिहीत. मासिकांत, दिवाळी अंकांत, आणि पुढे वाचनालयांतून फिरणाऱ्या छोट्या कादंबऱ्यांत. नाव मात्र त्यांचं नसे. तुळसा मेंगाळ या बाईनं लिहिलेलं सगळं 'स्वप्नजा राजवाडे' या नावानं छापून येई. नायिका पुण्यात राहत, बाल्कनीत उभ्या राहून कॉफी पीत आणि पावसाकडे बघत उसासे टाकत. सिस्टर स्वतः पुण्यात ट्रेनिंगपुरत्या राहिलेल्या, त्याही हॉस्टेलवर, जिथं बाल्कनीत चादरी वाळत घालत.

एकदा मी विचारलं, "सिस्टर, स्वतःचं नाव का नाही टाकत?"

"भाऊसाहेब, मेंगाळ नावाच्या बाईच्या बाल्कनीत कोण येऊन बसेल?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून मीही हसलो.

मी त्यांच्या लिखाणाच्या फेऱ्यात सापडलो तो शर्टांमुळे. मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचा, कोरड्या भागातला माणूस. अकोल्याच्या पावसात आठवडा आठवडा कपडे वाळेनात तेव्हा मी सगळ्या दवाखान्याला वैताग आणला होता. सिस्टरांनी अवजारं वाफवायच्या ऑटोक्लेव्हच्या उबदार खोलीत माझ्यासाठी दोरी बांधून दिली. अशा उपकाराची फेड टायपिंगनंच होऊ शकते, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी दाखवून दिलं. तेव्हापासून त्यांच्या कथा मी कॉम्प्युटरवर टाइप करायचो, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून.

बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या, चालणं मात्र लगबगीचं. हातावर कोपरापर्यंत गोंदण. नवा डॉक्टर आला की गोंदणाकडे टक लावून बघायचा. सिस्टर बाही ओढून घेत नसत. "दुखलं होतं का, असं विचारायचंय ना? दुखलं होतं," म्हणायच्या आणि सलाइन लावायला लागायच्या. पेशंटशी बोलताना भाषा स्वच्छ, पुस्तकी. गावाकडून भाऊ आला की त्याच तोंडातून 'हाय', 'न्हाई', 'लई' सुरू होई, आणि तो गेला की पुन्हा पुस्तकी. या अदलाबदलीत त्या कधी अडखळल्या नाहीत. मला मात्र दर वेळी वाटायचं की खोलीत दोन बायका आहेत.

दुसऱ्याच्या कथेबद्दल त्यांची एकच तक्रार असायची. "ती जेवली कधी?" सिनेमा असो, मालिका असो, कुणी आपल्या मेव्हणीच्या लग्नाची हकिकत सांगत असो, सिस्टर मध्येच विचारत, "पण ती जेवली कधी?" प्रेमात पडलेल्या बाईला गोष्टी लिहिणारे उपाशी मारतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या रेवत्या अगदी ब्रेकअपच्या दिवशीसुद्धा वरणभात खाऊन मग रडायच्या. मला ते गमतीचं वाटे, वाचकांनाही वाटत असावं.

फक्त एक नायिका त्यांच्याकडे कधीच जेवली नाही. चांदवी.

चांदवी त्यांनी अगदी उमेदवारीच्या काळात लिहिली होती. एका मासिकाच्या संपादकांना रानातली प्रेमकथा हवी होती आणि सिस्टरांना छापून यायचं होतं. चांदवी ठाकराची, म्हणजे सिस्टरांच्याच आदिवासी जमातीतली मुलगी. अख्ख्या कादंबरीभर ती करवंदं आणि मध यांवर जगते. कड्यावरून हरणासारखी उड्या मारते. शहरातून आलेला फॉरेस्ट अधिकारी पाय मुरगळून पडतो, ती त्याला झोपडीत आणते, पाला वाटून लावते आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहते. पुढे बोहाड्याच्या उत्सवात ती देवीचं सोंग घेऊन, मुखवटा चढवून, त्याच्यासाठी बेभान नाचते. शेवटी त्याच्यासाठी घरदार सोडून निघून जाते. पुढे त्याचं पुस्तक निघालं, ते तुफान चाललं. वाचनालयातली प्रत हातात धरली की पानं गळून पडत. 'शहरातल्या लेखिकेला रानाची केवढी जाण', असं लोक लिहीत.

ती कथा सिस्टरांच्या भावानं, किसननं, वाचली तेव्हाचा प्रसंग मला सिस्टरांनीच सांगितला. किसन शेती करतो, आणि गावच्या बोहाड्यात त्राटिकेचं सोंग त्याच्या घराण्याकडे आहे. आधी बाप घ्यायचा, आता तो घेतो. बोहाड्यात देव काय, देवी काय, राक्षसीण काय, सगळी सोंगं पुरुषच घेतात. बायका बघायला बसतात. हे त्या भागातल्या शेंबड्या पोराला ठाऊक.

किसननं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "आक्का, आपल्यात बाईमानूस सोंग घेतंय व्हय?"

"न्हाई घेत."

"मंग त्या पोरीच्या जागी मीच नाचलो म्हनायचं. अन् तो सायेब माज्यावं भाळला."

दोघं बहीणभाऊ पोट धरून हसले म्हणे. हसणं ओसरल्यावर किसन म्हणाला, "पन आक्का, तुला तं ठावं हुतं की." एवढंच म्हणाला आणि गुरं सोडायला गेला. हे सांगताना सिस्टर माझ्याकडे बघत नव्हत्या. इतक्या वर्षांनंतरही ते वाक्य त्यांच्या मनातून गेलेलं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना सिस्टरांनी मला एक नवीन बाड आणून दिलं. नाव 'दुपारची पाळी'. वर लेखिकेचं नाव तुळसा मेंगाळ. मी नावाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "टाइप करा गुपचूप," त्या म्हणाल्या.

नायिका हौसा, ठाकराची, उपकेंद्रात नर्स. नखांना रंग लावायची भारी हौस, पण ड्युटीवर चालत नाही म्हणून ती फक्त पायांच्या नखांना लावते आणि मोजे घालते. वीज दुरुस्त करायला येणारा वायरमन तिच्यावर जीव टाकतो. तोही ठाकरच, शेजारच्या वाडीचा. त्यांचं भांडण होतं ते त्यानं रबरी हातमोजे न घालता खांबावर चढण्यावरून. हौसा तोंडाळ आहे, थोडी खोटं बोलते, आईवर ओरडते आणि मग रडते. आणि जेवते. पहिल्या पानापासून जेवते. मी टाइप करता करता डबा खायचा विसरलो, असं माझ्या नोकरीत त्यापूर्वी झालं नव्हतं. मला ती मुलगी आवडली. इतकी, की वायरमनचा मला राग यायला लागला.

"सिस्टर, हे तुमचं सगळ्यात चांगलं आहे," मी म्हणालो.

"मग हे तरी माझ्या नावावर जाऊ दे," त्या म्हणाल्या.

आता मासिकं उरली नव्हती. गोष्टी मोबाइलवर ऐकायचा जमाना आला होता. पुण्यातली एक कंपनी मराठी प्रेमकथांच्या मालिका करायची, रोज एक भाग. तिथे आदित्य नावाचा एक तरुण कथा निवडायचा. आम्ही त्याला 'दुपारची पाळी' पाठवली. थोड्या दिवसांनी त्याचा फोन आला. सिस्टरांनी तो स्पीकरवर टाकला.

आदित्य गोड बोलायचा. भाषा छान आहे म्हणाला, हौसा छान आहे म्हणाला. "पण मॅडम, ती आदिवासी वाटतच नाही हो."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे कशी वाटायला हवी?"

"म्हणजे तो निसर्ग, तो निरागसपणा. ही तर मोबाइलवर रिचार्ज मारते. कोणीही असू शकते ही. श्रोत्यांना काहीतरी वेगळं लागतं. आणि एक छोटी दुरुस्ती आमच्या टीमनं केली आहे. लग्न ठरताना मुलाकडचे मुलीच्या बापाला पैसे देतात असं तुम्ही लिहिलंय, ते चुकून उलटं झालंय. आम्ही हौसाच्या बापाला हुंड्यासाठी गाय विकायला लावली आहे. फार रडवणारा सीन झालाय."

"उलटं नाही झालेलं. आमच्यात जुन्या रीतीनं मुलाकडचे देज देतात. मुलगी म्हणजे कामाचं माणूस, ती दुसऱ्या घरी जाते म्हणून."

आदित्यनं मध्येच विचारलं, "आमच्यात म्हणजे?"

"मी ठाकर आहे."

"तुम्ही स्वतः ट्रायबल आहात?" त्याचा आवाज एकदम उजळला. "मॅडम, हे आधी सांगायचं ना!"

मला वाटलं, आता हौसाचं नशीब उघडलं. उघडलं ते चांदवीचं. बोलता बोलता 'स्वप्नजा राजवाडे' म्हणजे याच बाई हे त्याला कळलं. त्याच्या आईनं चांदवी पाठ केली होती. आठवडाभरात त्याचा प्रस्ताव आला. चांदवीची मालिका करायची, लेखिका म्हणून खरं नाव घालायचं, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला स्वतः मॅडमचा आवाज. ती चालली की पाठोपाठ 'दुपारची पाळी', एक शब्द न बदलता.

सिस्टर कितीतरी दिवस त्यावर विचार करत होत्या. इंजेक्शनच्या खोलीतून गोष्टी ऐकू येईनाशा झाल्या. पेशंट आपले मुकाट्यानं टोचून घेऊन जात. एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी येऊन बसल्या.

"भाऊसाहेब, त्या खोटीला पुढं घातली तर तिच्यामागून ही खरी आत जाईल का हो?"

"सिस्टर, राजवाड्यांच्या नावावर चांदवी होती तोवर ती एका शहरातल्या बाईची कल्पना होती," मी म्हणालो. "तुमच्या नावानं आली की लोक तिला खरी मानतील."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "पण नाही म्हटलं तर हौसा माझ्या कपाटात मरेल. मला ती लोकांनी ऐकायला हवीय. माझ्या नावासकट." एवढं उघडं मागणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सही केली.

रेकॉर्डिंगला मीही गेलो, सोबत म्हणून. संगमनेरहून एसटीनं पुणे. काचेच्या पलीकडे चांदवीचं काम करणारी मुलगी उभी होती, गोरीगोमटी, मन लावून काम करणारी. तिनं पहिलंच वाक्य म्हटलं, "ओ शायेब, तुमी कंच्या गावचं?" आणि काचेतून सिस्टरांकडे आशेनं बघितलं. "बरोबर येतंय ना मॅडम? आदिवासी टच?"

"सायेब म्हणतो आम्ही," सिस्टर म्हणाल्या. "पण तू म्हणतेस ते वेडावून दाखवल्यासारखं वाटतंय बाळा. माझ्या भावजयीशी बोलतेस असं समज."

मुलगी खरोखर ओशाळली. तिनं पुन्हा केलं, साधं, आणि चांगलं केलं. आदित्यनं मान हलवली. "पहिलं जास्त चार्मिंग होतं," म्हणाला. पहिलंच ठेवलं.

मग सिस्टरांची पाळी आली. त्यांच्यासमोर एक छापील कागद होता, त्यावर 'माझ्या मातीतली, माझ्या रक्तातली' असं काहीबाही. सिस्टरांनी तो पालथा घातला, चष्मा काढला आणि इंजेक्शनच्या खोलीत बोलायच्या त्या आवाजात बोलल्या. मला ते जवळजवळ शब्दशः आठवतं.

"मी तुळसा मेंगाळ. ठाकराची लेक. चांदवीची गोष्ट मी लिहिली. पण चांदवीसारखी मुलगी आमच्या वाडीत कधी नव्हती. छापून यावं म्हणून मी ती तशी रचली. आमच्यात बाई सोंग घेत नाही. पाय मुरगळलेल्या साहेबामागं घर सोडून कुणी पळत नाही. करमणूक म्हणून ऐका आणि आमची मुलगी भेटली की तिच्यात चांदवी शोधू नका."

आदित्यनं टाळ्या वाजवल्या. "काय प्रामाणिकपणा! अंगावर काटा आला मॅडम." परतीच्या गाडीत सिस्टरांनी एका वडापावच्या जागी दोन खाल्ले आणि त्या नारायणगावपर्यंत गाढ झोपल्या. इतकं निर्धास्त झोपलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

पहिला भाग आला तेव्हा आम्ही दवाखान्यातले सगळे माझ्या टेबलाभोवती जमलो होतो. बासरी वाजली. मग सिस्टरांचा आवाज. "मी तुळसा मेंगाळ. ठाकराची लेक. चांदवीची गोष्ट मी लिहिली." आणि लगेच ढोल. ढोलामागून चांदवीचं हसणं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर फोनकडे बघत होत्या, अजून काहीतरी यायचं राहिलंय अशा.

आदित्यला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सुरुवातीला तेवढाच वेळ असतो. आणि आम्ही तुमचा एकही शब्द बदललेला नाही."

ते खरंच होतं. पुढचं फक्त कापलं होतं. मला त्या पोराचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात वरिष्ठ कार्यालयाचाही आला नसेल. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी फोन खाली ठेवला, हात धुतले आणि ड्रेसिंगच्या ट्रेमधल्या कात्र्या एकेक करून पुसत बसल्या. मी चहा नेऊन ठेवला तो तसाच साय धरून राहिला.

मालिका प्रचंड चालली. रोज सकाळी नवा भाग, आणि रोज त्याआधी तो आवाज. किसननं ऐकलं आणि काहीच बोलला नाही, हे सिस्टरांना फार लागलं. "त्यानं थट्टा तरी करायची," त्या म्हणाल्या. किसनची मुलगी सुमन नगरला नर्सिंग शिकत होती, आत्याच्याच पावलावर पाऊल टाकून. हॉस्टेलमधल्या मुली तिला चांदवी म्हणायला लागल्या. आधी लाडानं. मग एका मुलानं कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "पाय मुरगळला तर नेशील का झोपडीत?" सुमन सुट्टी टाकून घरी आली आणि आत्याला म्हणाली, "आत्या, त्यांना मी सांगितलं आम्ही तशा नाही. तर म्हणाले, तुझ्या आत्यानंच सांगितलंय की."

'दुपारची पाळी' अजूनही आली नाही. आदित्य दर वेळी म्हणतो, विचार चालू आहे, तोवर चांदवीचं दुसरं पर्व लिहाल का? सिस्टर निवृत्त झाल्या, माझीही बदली झाली. फोनवर बोलायचो तेव्हा हौसाचं नाव मी काढत नसे आणि त्याही काढत नसत.

मध्यंतरी एका कामासाठी अकोल्याला गेलो होतो. दुपारी स्टँडवर सिस्टर दिसल्या. सुमनला परत कॉलेजला सोडायला आल्या होत्या. साडी साधी, केस बरेच पांढरे झालेले, चाल तीच. माझं बोलणं अर्धं ठेवून त्या उभ्या असलेल्या एसटीच्या खिडकीशी गेल्या आणि आतल्या कॉलेजच्या मुलींना विचारलं, "नगरला जाते ना गं ही?"

मुली एकदम एकमेकींकडे बघायला लागल्या. "अय्या, हा आवाज! तुम्ही त्याच ना? चांदवीच्या?"

सुमननं मान खाली घातली आणि बॅगेचा पट्टा नीट करायला लागली.

"काकू, प्लीज ते म्हणा ना एकदा. ते सुरुवातीचं." एकीनं खिडकीतून फोन बाहेर धरला, व्हिडिओ सुरू केला. "प्लीज प्लीज."

मला वाटलं सिस्टर मागे फिरतील. त्या फिरल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी पदराला पुसला, पुन्हा घातला, सरळ फोनकडे बघितलं.

"मी तुळसा मेंगाळ," त्या म्हणाल्या. "ठाकराची लेक. चांदवीची गोष्ट मी लिहिली."

मुली किंचाळल्या. फोन आत गेला. व्हिडिओ कसा आला ते बघायला चौघींची डोकी एकत्र झाली.

"पण चांदवीसारखी मुलगी आमच्या वाडीत कधी नव्हती," सिस्टर खिडकीकडे बघत पुढे म्हणाल्या. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. सुमन घाईघाईनं चढली, दारातून वाकून म्हणाली, "आत्या, जाऊ दे ना." गाडी मागे सरली, वळली. सिस्टर खिडकीच्या बाजूनं चार पावलं तिच्याबरोबर चालल्या, पायात चप्पल नीट नव्हती तरी. गाडीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, पण ओठ हलताना दिसत होते. स्टुडिओत म्हटलेलं सगळं त्या पुन्हा म्हणत होत्या. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्या शेवटच्या शब्दांपाशी आल्या होत्या.